वाचकांचे प्रश्न : पाणबुडीसाठी सोडलेल्या लहरी आणि त्यांचे जमिनीवरचे उपयोग

तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात, दामगुंडमच्या जंगलात, भारतीय नौदलाच्या दुसऱ्या व्हीएलएफ केंद्राची पायाभरणी 15 ऑक्टोबर 2024 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाली. त्या केंद्रावरचे छोटे टिपण या सदरात आल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख केंद्रापेक्षा त्या लहरींकडेच होता. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. व्हीएलएफ म्हणजे 3 ते 30 किलोहर्ट्झ या पट्ट्यातील अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरी, एवढे सुरुवातीला ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

प्रश्न : खोल पाण्यात मोबाइल चालत नाही, रेडिओ चालत नाही, मग पाणबुडीला संदेश मिळतो कसा? आणि त्यासाठी शेकडो एकर जमीन कशाला लागते? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे ते विजेचे चांगले वाहक आहे, आणि वाहक पदार्थात शिरणारी रेडिओ लहर तेथे प्रवाह निर्माण करण्यातच आपली ऊर्जा घालवून बसते. ही ऊर्जा किती लवकर संपेल हे वारंवारतेवर ठरते. एफएम रेडिओची 100 मेगाहर्ट्झची लहर समुद्रात अवघी अडीच सेंटिमीटर शिरेपर्यंत तिची तीव्रता सदतीस टक्क्यांवर येते; 18 किलोहर्ट्झच्या लहरीला तेवढीच घट होण्यासाठी जवळजवळ 1.9 मीटर पाणी लागते. म्हणजे 10 मीटर खोलीवर ती पृष्ठभागावरील तीव्रतेच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी उरते, आणि एवढी लहर संवेदनशील ग्राहकयंत्राला पकडता येते. पाणबुडी या लहरींसाठी पृष्ठभागावर येत नाही. ती थोडी वर येते, किंवा स्वतः खोल राहून पृष्ठभागाजवळ तरंगणारी लांब तार किंवा तरंगता अँटेना मागे ओढत नेते.

आपल्याकडील पहिले केंद्र तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम येथे आहे. आयएनएस कट्टबोम्मन हे त्याचे नाव, आणि 1990 च्या ऑक्टोबरपासून ते कार्यरत आहे. त्याची 18.2 किलोहर्ट्झची लहर संशोधकांच्या जगात व्हीटीएक्स या संकेतनामाने ओळखली जाते. या लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर भरते, आणि जमिनीची गरज नेमकी इथे उभी राहते. उभा अँटेना नीट काम करायचा तर त्याची उंची तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे या ठिकाणी चार किलोमीटरांहून अधिक हवी. तेवढा मनोरा बांधणे अशक्य असल्याने सर्वच देश तडजोड करतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एक्समथजवळच्या नॉर्थ वेस्ट केप केंद्रात (1967 पासून कार्यरत, 19.8 किलोहर्ट्झ) 13 मनोरे असून त्यांतील मधला 387 मीटर उंच आहे, तरीही तो हव्या त्या उंचीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकाच. ही उणीव भरून काढण्यासाठी मनोऱ्यांच्या माथ्यांवरून तारांचे प्रचंड छत पसरतात, खाली जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरतात आणि अँटेनाला जोडलेली महाकाय वेटोळी एका स्वतंत्र इमारतीत ठेवतात. जमीन जाते ती या छताखाली आणि या जाळ्यावर.

ग्राहकाच्या बाजूला मात्र असला बडेजाव लागत नाही. या पट्ट्यात जगभरच्या विजांचा खरखराट इतका असतो की ग्राहकयंत्र कितीही उत्तम केले तरी मर्यादा त्या खरखराटाचीच राहते. त्यामुळे छोट्या, अकार्यक्षम अँटेनानेही काम भागते. पाणबुडीला लहर ऐकता येते पण त्याच मार्गाने उत्तर देता येत नाही, याचे कारणही हेच: तिला चार किलोमीटरची तार उभी करता येत नाही.

या मार्गाने फार मजकूर जाईल, अशीही अपेक्षा ठेवू नये. अँटेना अतिशय अरुंद पट्ट्यातच सूर धरतो, त्यामुळे वेग सेकंदाला दोनशे बिटांच्या आसपास राहतो. एक मेगाबाइटचे छायाचित्र या वेगाने पाठवायला अकरा तास लागतील. नौदलाला छायाचित्रे पाठवायची नसतात. मोजक्या सांकेतिक अक्षरांचा आदेश पोहोचला म्हणजे झाले. याहून खोल जायचे तर वारंवारता आणखी खाली न्यावी लागते. अमेरिकेने विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांत 76 हर्ट्झचे केंद्र 1989 ते 2004 या काळात चालवले. ती लहर शंभर मीटरांपलीकडेही पोहोचत असे, पण तिच्यावर एकेक अक्षर पाठवायलाही मिनिटे लागत.

प्रश्न : लहरी सरळ रेषेत जातात असे शाळेत शिकवले. मग तामिळनाडूची लहर पृथ्वीच्या गोलाईवरून हजारो किलोमीटर कशी जाते? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

व्हीएलएफ लहर एका बोगद्यातून जाते. खाली जमीन किंवा समुद्र, आणि वर आयनांबराचा, म्हणजे सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेल्या उंचावरच्या हवेचा, सर्वांत खालचा थर. दिवसा तो सुमारे 70 किलोमीटरवर असतो आणि रात्री 85 ते 90 किलोमीटरवर सरकतो. या दोन पृष्ठांच्या मधली जागा लहरीच्या लांबीच्या काही पटींतच असल्यामुळे लहर त्यात कोंडल्यासारखी पुढे सरकते, आणि हजार किलोमीटरला तिची घट दोन-तीन डेसिबलच होते. म्हणून एक शक्तिशाली केंद्र अर्ध्या जगाला ऐकू येते.

या गोष्टीची एक बाजू आम्हाला मूळ उपयोगापेक्षाही अधिक मोलाची वाटते. बोगद्याच्या भिंती हलल्या की पोहोचणारी लहर बदलते, आणि केंद्र मात्र रात्रंदिवस एकाच वारंवारतेवर, एकाच ताकदीने बोलत राहते. म्हणजे संदेश न उलगडता, नुसती त्याची तीव्रता मोजत बसले तरी आकाशातील घडामोडी कळतात. सूर्योदयाची रेषा मार्गावरून सरकते तेव्हा तीव्रता ठरावीक पद्धतीने खाली-वर होते. सूर्यावर प्रखर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत येथे पोहोचतात, आयनांबराचा तळ खाली येतो आणि आलेखावर झपाट्याने चढणारा व सावकाश उतरणारा उंचवटा उमटतो. 22 जुलै 2009 च्या खग्रास सूर्यग्रहणात अलाहाबाद, वाराणसी आणि नैनिताल येथील केंद्रांनी ऑस्ट्रेलिया व जपानच्या लहरी नोंदवून ग्रहणछायेत आयनांबर कसे बदलले हे मोजले. त्यांतील अलाहाबादचे (आता प्रयागराजचे) केंद्र नवी मुंबईत, नव्या पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आहे. हीच संस्था अलिबागची चुंबकीय वेधशाळाही चालवते.

प्रश्न : कोयना परिसरात आमचे आयुष्य गेले. भूकंपाआधी या लहरी बदलतात, असे वाचले. ते खरे आहे का? (एक वाचक, कराड)

17 जानेवारी 1995 रोजी जपानमधील कोबे येथे मोठा भूकंप झाला. त्याआधीच्या काही दिवसांत 10.2 किलोहर्ट्झच्या एका दिशादर्शक केंद्राच्या लहरीत सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळी होणारे बदल नेहमीच्या वेळेपासून सरकले होते, असे जपानी संशोधकांनी दाखवले, आणि तेव्हापासून या विषयावर पुष्कळ काम झाले आहे. परंतु आयनांबर सूर्यामुळे, चुंबकीय वादळांमुळे, ऋतूंमुळे सारखेच हलत असते. त्यात भूकंपापूर्वीचा बदल कोणता हे भूकंप होऊन गेल्यावर मागे वळून ओळखणे आणि आधी ओळखणे यांत फार अंतर आहे. आजवर या पद्धतीने दिलेल्या विश्वासार्ह पूर्वसूचनेवर कोणत्याही देशाने गाव रिकामे केलेले नाही. कोयनेच्या 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची आठवण असलेल्यांनी या लहरींपेक्षा घराच्या बांधणीवर भरवसा ठेवावा, असे आम्ही स्पष्टपणे सांगू.

प्रश्न : बोअरची जागा दाखवणारे एक गृहस्थ छोटे यंत्र घेऊन आले होते. पाणबुडीच्या रेडिओवर ते चालते असे त्यांनी सांगितले. हे पाणाड्याच्या नारळासारखेच समजावे काय? (एक शेतकरी, धुळे जिल्हा)

नाही, तसे समजू नये; पण यंत्रावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. त्या गृहस्थांनी सांगितले ते शब्दशः खरे आहे. भूभौतिक सर्वेक्षणाची व्हीएलएफ पद्धत 1960 च्या दशकापासून वापरात आहे, आणि तिची सोय अशी की प्रक्षेपक स्वतः न्यावा लागत नाही. जगातील नौदलांनी तो आधीच लावून ठेवला आहे.

दूरच्या केंद्राची लहर आपल्या शेतावरून जाते तेव्हा तिचे चुंबकीय क्षेत्र आडवे, आणि केंद्राच्या दिशेला काटकोनात असते. जमिनीखाली वीज वाहून नेणारा उभा पट्टा असेल, उदाहरणार्थ पाण्याने भरलेली भेग किंवा झिजलेल्या खडकाची चीर, तर त्यात प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळून ते थोडे कलते. हातातील यंत्र हा कल अंशांत दाखवते. पट्ट्याच्या एका बाजूला कल एकीकडे, दुसऱ्या बाजूला दुसरीकडे, आणि बरोबर माथ्यावर शून्य. शेतातून सरळ रेषेत ठरावीक अंतरावर वाचने घेत गेले की ही शून्याची जागा सापडते. एकाच ठिकाणी उभे राहून यंत्र फिरवणारा माणूस काही मोजत नाही, हे यावरून समजावे.

कोणते केंद्र धरायचे हा यातला कळीचा मुद्दा असून तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. भेग ज्या दिशेला पसरली आहे, साधारण त्याच दिशेला केंद्र असले तरच प्रवाह जोरदार निर्माण होतो. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत काळ्या दगडाच्या उभ्या भिंतींसारख्या ज्या रांगा जमिनीतून वर आलेल्या दिसतात, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात, त्या बहुतांशी पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य पसरल्या आहेत, आणि पाणी बऱ्याचदा त्यांच्या कडेच्या फुटक्या खडकात असते. विजयनारायणमचे केंद्र आपल्यापासून दक्षिणेला असल्यामुळे या रांगांसाठी ते गैरसोयीचे आहे. जपानच्या क्यूशू बेटावरील एबिनोचे 22.2 किलोहर्ट्झचे केंद्र मात्र धुळ्याहून पाहता जवळजवळ त्याच दिशेला पडते. कोकणात उलट परिस्थिती आहे. तेथील किनाऱ्याजवळचे डाइक बरेचसे उत्तर-दक्षिण असल्याने तेथे आपल्याच नौदलाची लहर उपयोगी पडते. सर्वेक्षकाला “कोणते केंद्र लावले आहे आणि का?” एवढे विचारले, तरी तो जाणकार आहे की नाही हे पुरेसे कळेल.

आता मर्यादांविषयी. लहर जमिनीत किती खोल पोहोचेल हे खडकाच्या विद्युत रोधावर अवलंबून असते. रोध शंभर ओहम-मीटर असलेल्या खडकात 20 किलोहर्ट्झची लहर सुमारे 35 मीटर जाईपर्यंत सदतीस टक्क्यांवर येते. रोध दहावर आला, जसा ओल्या काळ्या मातीच्या जाड थरात येऊ शकतो, तर 11 मीटरवरच तिची तेवढी घट होते. त्यामुळे या यंत्रावरून कोणी “पाचशे फुटांवर दोन इंच पाणी” असे सांगितले तर तो आकडा यंत्राने दिलेला नाही, सांगणाऱ्याच्या तोंडचा आहे. पाण्याचे प्रमाण तर ही पद्धत मुळीच सांगत नाही. शिवाय चिकण मातीने भरलेली कोरडी चीरही वाहकच असते, आणि तारेचे कुंपण, लोखंडी पाइपलाइन व विजेची लाइन यांच्याजवळ वाचने बिघडतात. आमचा सल्ला असा, की व्हीएलएफने भेगेची रेषा शोधावी, त्या रेषेवर विद्युत रोधाची चाचणी घेऊन खोलीचा अंदाज बांधावा, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून परिसरातील विहिरींची माहिती घेतल्याशिवाय बोअरच्या गाडीला बोलावू नये. नारळ फिरवणाऱ्याचे म्हणणे खोटे ठरवायची सोय नसते. या यंत्राची वाचने दुसऱ्या माणसाला पुन्हा घेऊन तपासता येतात, एवढा फरक पुरेसा आहे.

प्रश्न : या लहरी घरी ऐकता येतील का? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, खर्च कमी हवा. (एक विद्यार्थी, पुणे)

येतील, आणि खर्च मुख्यतः तांब्याच्या तारेचा. संगणकाचे ध्वनिकार्ड सेकंदाला 48,000 नमुने घेत असेल तर ते 24 किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी नोंदवू शकते, म्हणजे विजयनारायणम, नॉर्थ वेस्ट केप आणि एबिनो ही तिन्ही केंद्रे त्याच्या आवाक्यात येतात. एक मीटर बाजूची लाकडी चौकट करून तिच्यावर इनॅमलच्या तारेचे पन्नास ते शंभर वेढे घ्यावेत, छोटा वर्धक मध्ये घालून ते ध्वनिकार्डाच्या माइकच्या जागी जोडावे आणि वर्णपट दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. चौकटीची कड केंद्राच्या दिशेने धरायची; पुण्याहून विजयनारायणमसाठी ती साधारण उत्तर-दक्षिण येईल. सर्वांत मोठा शत्रू आहे तो घरातला: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. वीज गेलेली असताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवून गच्चीत बसले तर जे दिसते ते एरवी दिसत नाही. भारनियमनाचा एवढा एक तरी फायदा करून घ्यावा. संदेश सांकेतिक असल्यामुळे ते वाचता येणार नाहीत आणि तो आपला उद्देशही नाही. तीव्रतेचा दिवसभराचा आलेख काढायचा आहे.

आणखी एक प्रयोग सुचवतो, तो केंद्रांशिवायचा. वीज चमकते तेव्हा तिच्या रेडिओ ऊर्जेचा मोठा भाग व्हीएलएफमध्ये असतो, आणि तो वर सांगितलेल्या बोगद्यातूनच हजारो किलोमीटर येतो. रात्री अशा दूरच्या विजांचे आवाज नुसत्या कडकडाटासारखे न येता चिमणीने ‘टिक्’ करावे तसे येतात. त्यांना ट्वीक म्हणतात. वर्णपटावर ट्वीकची खालची टोके एका वारंवारतेशी थबकलेली दिसतात, कारण तिच्याखालच्या लहरी त्या रीतीने बोगद्यात मावतच नाहीत. दीड लाखाला त्या वारंवारतेने (हर्ट्झमध्ये) भागले की आयनांबराच्या तळाची उंची किलोमीटरमध्ये मिळते. 1,700 हर्ट्झ मिळाले तर उत्तर 88 किलोमीटर. गच्चीवरील लाकडी चौकटीने आकाशाच्या एका थराची उंची मोजणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नक्कीच जमेल.

‘व्हिसलर’ नावाच्या शिट्टीसारख्या आवाजांविषयीही आपण विचारले आहे. विजेची काही ऊर्जा आयनांबर भेदून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दुसऱ्या गोलार्धात जाते. वाटेत उच्च वारंवारता पुढे आणि निम्न मागे पडतात, म्हणून उतरत्या सुराची शीळ ऐकू येते. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या कानी ती पडली होती, आणि तिचे समाधानकारक स्पष्टीकरण केंब्रिजमध्ये संशोधक स्टोरी यांनी 1953 मध्ये दिले. त्यावरून पृथ्वीच्या कित्येक त्रिज्या अंतरावरही अपेक्षेपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन आहेत हे कळले, तेही कृत्रिम उपग्रह सुटण्यापूर्वी. भारतात गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी येथे या शिळा नोंदल्या गेल्या आहेत. पुणे चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्यामुळे, आणि तेथील चुंबकीय रेषा फार उंच जात नसल्यामुळे, येथे त्यांची आशा धरू नये. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीजवळूनच जाते, हा निव्वळ योगायोग.

प्रश्न : जुन्या काळी सर्वच रेडिओ अशा लांब लहरींवर चालत होता का? (एक वाचक, दादर)

समुद्रापार पाठवायच्या तारसंदेशांसाठी 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ तसेच होते. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे 1925 मध्ये औपचारिक उद्घाटन झालेले 17.2 किलोहर्ट्झचे केंद्र त्या काळाचा जिवंत नमुना आहे: 127 मीटरचे सहा मनोरे, आणि कोणत्याही व्हॉल्व्हशिवाय (निर्वात नळीशिवाय), नुसत्या वेगाने फिरणाऱ्या जनित्राने लहर निर्माण करणारा प्रक्षेपक. युनेस्कोने 2004 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि वर्षातून काही ठरलेल्या दिवशी ते अजूनही मोर्समध्ये बोलते. पुढे लघुलहरी फार कमी खर्चात तेच काम करतात हे उमगले आणि लांब लहरींचा व्यापारी काळ संपला. भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा 1927 मध्ये खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून सुरू झाली ती लघुलहरींवरच. लांब लहरी मग पाणबुड्यांकडे आणि दिशादर्शनाकडे गेल्या. आठ केंद्रांची ओमेगा ही जागतिक दिशादर्शन व्यवस्था 30 सप्टेंबर 1997 पर्यंत चालू होती. जीपीएस आल्यावर ती बंद झाली.

प्रश्न : अशा केंद्राजवळ राहणाऱ्यांना किरणोत्सर्गाचा धोका असतो का? (एक वाचक, लातूर)

किरणोत्सर्ग हा शब्द येथे लागू होत नाही. या लहरींची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या अब्जावधी पटींनी कमी असल्यामुळे त्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढू शकत नाहीत. अँटेनाच्या अगदी निकट, कुंपणाच्या आत, शरीरात प्रवाह निर्माण होणे आणि धातूच्या वस्तूंना स्पर्श होताच झटका बसणे हे खरे धोके असून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत. कुंपणापासून दूर गावात क्षेत्राची तीव्रता झपाट्याने उतरते. दामगुंडमला झालेल्या विरोधात आरोग्याबरोबर जंगलतोडीचाही आक्षेप होता. तो स्वतंत्र आणि गंभीर आक्षेप आहे, त्याचे उत्तर झाडांच्या, पाण्याच्या आणि त्या जंगलातील देवस्थानाच्या वाटेच्या हिशेबात द्यावे लागते, आणि “लहरी निरुपद्रवी आहेत” या वाक्याने तो मिटत नाही.

प्रश्न : आमच्या इंडक्शन शेगडीवर 20 ते 30 किलोहर्ट्झ असे लिहिले आहे. म्हणजे तीही व्हीएलएफ प्रक्षेपक आहे का? (एक गृहिणी, नाशिक)

वारंवारता त्याच पट्ट्यात येते, पण दहा-पंधरा किलोमीटर लांबीची लहर एवढ्याशा वेटोळ्यातून बाहेर फेकली जात नाही. शेगडीचे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात प्रवाह निर्माण करते आणि फूटभर अंतरावर ओसरते. तरीही पुण्याच्या विद्यार्थ्याने आम्ही वर सुचवलेली चौकट घरात बसवली, तर स्वयंपाकघरात चहा टाकलेला त्याच्या आलेखावर नक्की दिसेल.